एका कॅपचा खेळाडू : बाळ्यास पत्र

डब्लिन,
रविवार

प्रिय बाळ्या,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. अर्धा वेळ तू हसत होतास, उरलेला अर्धा वेळ मागे कुणीतरी टेम्पो रिव्हर्स घेत होतं, तरी मुद्दा कळला. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत ‘आपले राज्य खेळाडू’ या पानावर कुणाकुणाची नावं घ्यायची यावरून बैठकीत जुंपली. अण्णांचं म्हणणं, किमान पाच सामने हवेत, नाहीतर ज्याने एकदा किट अंगावर चढवलं तोही मिरवत फिरेल. आणि तू मधे बसून दोन्ही पार्ट्यांना चहा पाजतोयस. तुझंही नाव त्या एकाच सामन्यावर अडलंय हे तू बोलला नाहीस. ते मला सांगायची गरजही नाही म्हणा.

फोनवर बोललो असतो, पण तू मधेच तोंड घालतोस. म्हणून लिहितो. मी राहतो त्या भागात शंभरेक वर्षांपूर्वी एक पोरगा राहायचा. जॅस्पर ब्रेट. आयर्लंडकडून रग्बी खेळला. किती सामने? एक. त्याची पूर्ण हकीकत ऐक, मग अण्णांना काय सांगायचं ते तूच ठरव.

रग्बी म्हटलं की तुला बॉम्बे जिमखाना आठवणार. आझाद मैदानावरून परतताना कुंपणाला नाक लावून आपण ती चिखलातली मारामारी बघायचो आणि बॉल मागेच का फेकतात यावर वाद घालायचो. तर उत्तर एवढंच की हाताने पुढे फेकायचा नाही, हा मूळ नियम. बॉल घेऊन पळायचं, नाहीतर लाथेने पुढे मारायचा. पंधरा जण. त्यातले आठ धिप्पाड गडी पुढे, डोक्याला डोकं लावून रेटारेटी करणारे, आणि बाकीचे मागे, पळणारे. सगळ्यात कडेला विंग. आपल्या भाषेत सांगायचं तर चढाईवाला गडी, ज्याच्या हाती बॉल आला की बाकी सगळ्यांनी फक्त बघायचं. पण यायला तर हवा!

जॅस्पर विंगला खेळायचा. जन्म ८ ऑगस्ट १८९५, समुद्रकाठच्या किंग्सटाउन गावी. १९२० साली गावाचं जुनं नाव परत आलं, डन लीरी. आमच्या लोकल गाडीचं मोठं स्टेशन. घरचं बरं होतं, शिक्षण उत्तरेकडे आर्माच्या रॉयल स्कूलमध्ये, मग क्लब मंक्सटाउन. डब्लिनची रग्बी तेव्हा वकील, डॉक्टर, बँकवाले यांच्या पोरांचा खेळ होता. पैसा मिळायचा नाही, उलट पदरचा जायचा. देशाकडून खेळलास तर एक टोपी मिळायची, खरीखुरी, गोंड्याची. म्हणून इथे अजूनही ‘किती सामने’ विचारत नाहीत, ‘किती कॅप’ विचारतात.

त्याची कॅप १४ मार्च १९१४ची. बेलफास्टचं बालमोरल शोग्राउंड्स, म्हणजे शेतीच्या प्रदर्शनाची जागा. समोर वेल्स. तेव्हा तो अठरा वर्षांचा.

आता या सामन्याबद्दल जरा सविस्तर, कारण तुला आवडेल. रग्बीच्या जुन्या माणसांत हा सामना अतोनात मारामारीचा म्हणून गाजलाय. वेल्सच्या पुढच्या आठ जणांना ‘भयंकर आठ’ असंच नाव पडलं होतं, आणि त्यांचा कर्णधार कोण, तर अल्बन डेव्हिस, चर्चचा पाद्री! नंतर कुणीतरी त्याला विचारलं म्हणे, तुमच्या गड्यांची भाषा तुम्हाला खटकत नाही का? तो म्हणाला, मी कानावरून स्क्रम-टोपी बांधतो, मला काही ऐकूच येत नाही. आयर्लंडच्या बाजूला विल्यम टिरेल नावाचा डॉक्टर. त्याने आदल्या रात्री वेल्सच्या पर्सी जोन्सला गाठून सांगून ठेवलं की उद्या तू माझा. आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी दिलेला शब्द पाळला. बॉल एकीकडे, हे दुसरीकडे. त्या काळी बदली खेळाडू नव्हताच, लागलं तर एक तर तसंच खेळायचं किंवा संघाने चौदांवर भागवायचं. हाच टिरेल पुढे हवाई दलाच्या वैद्यकीय खात्यात फार वर चढला, ‘सर’ झाला, आयरिश रग्बी युनियनचा अध्यक्षही झाला. पर्सी जोन्सशी त्याची दोस्ती म्हातारपणापर्यंत टिकली. आपल्या तालमीतल्या दोन-चार जोड्या डोळ्यांसमोर आल्या की नाही?

आयर्लंड ३–११ने हरलं. बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की ती ट्राय. एका ट्रायचे तेव्हा तीनच गुण, म्हणजे आयर्लंडची एकच ट्राय. ती जॅस्परची नव्हती. पुढच्या आठ जणांचं युद्ध पेटलेलं असताना कडेला उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या विंगला बॉल कितीदा मिळाला असेल? मला वाटतं, फारसा नाही. बेलफास्टच्या मार्चमधल्या वाऱ्यात हात काखेत घालून उभा राहिला असेल बिचारा. हा माझा अंदाज, पण मी इथल्या मार्चमध्ये कडेला उभा राहिलोय.

झाली आंतरराष्ट्रीय कारकीर्द. सुरुवात, मध्य आणि शेवट एकाच दुपारी.

आता अण्णांचा हिशेब लाव. एक सामना, शून्य गुण, आणि तोही हरलेला. पाच सामन्यांची चाळणी लावली तर पहिल्या झटक्यात खाली. पण बाळ्या, अठराव्या वर्षी ज्याला निवडलं तो एका सामन्यासाठी निवडला नव्हता रे. कुठलाही निवडकर्ता अठरा वर्षांचा पोरगा घेतो तो पुढची आठ-दहा वर्षं डोळ्यांसमोर ठेवून घेतो. पुढच्या हंगामात तो पुन्हा दिसला असता, कदाचित वगळलाही गेला असता, तेही रीतसर झालं असतं. झालं असं की पुढचा हंगाम आलाच नाही. १९१५ ते १९१९, पाच हंगाम आयर्लंड एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळलं नाही. त्याच्या नावापुढचा ‘१’ हा आकडा त्याच्या खेळाचा नाही, कॅलेंडरचा आहे. हे वाक्य बैठकीत तुझंच म्हणून खपव, माझी हरकत नाही. तुझ्या गुडघ्याचंही तेच. पण ते तू बोलणार नाहीस, म्हणून जॅस्परचं सांग.

इथवर स्मरणिकेपुरतं. पुढचं लिहिलं नसतं तरी चाललं असतं, पण अर्धी हकीकत सांगून थांबणं मला जमत नाही.

तो मार्च आयर्लंडमध्ये साधा नव्हता. होमरूलवरून, म्हणजे आयर्लंडला आपला कारभार आपण चालवू द्यायचा की नाही यावरून, देश दुभंगला होता. बेलफास्टात होमरूलला विरोध करणारे स्वयंसेवक उघड कवायती करत होते, आणि या सामन्यानंतर सहाच दिवसांनी करा इथल्या छावणीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी सांगितलं की उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतावर चाल करायला लावणार असाल तर आम्ही नोकरी सोडू. अशा दिवसांत डब्लिनची, कॉर्कची, बेलफास्टची पोरं एका संघातून एकाच शर्टात खेळत होती. अजूनही खेळतात हं. देशाची फाळणी झाली, रग्बीचा संघ मात्र एकच राहिला. इथे आल्यावर मला सगळ्यात आधी याचंच नवल वाटलं.

ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं. रग्बी युनियनचा अध्यक्ष फ्रँक ब्राउनिंगने सगळ्या क्लबांना पत्रक धाडलं, आणि लॅन्सडाउन रोडच्या मैदानावर संध्याकाळी कामावरून सुटलेली पोरं कवायतीला जमू लागली. आज तिथे अविव्हा स्टेडियम आहे. त्यातली पुष्कळशी सप्टेंबरात एकगठ्ठा भरती झाली. रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्स, सातवी बटालियन, ‘डी’ कंपनी. साधे शिपाई म्हणून गेली, आणि कोण कोण त्यात! बॅरिस्टर, डॉक्टरकीचे विद्यार्थी, ट्रिनिटी कॉलेजातला कायद्याचा प्राध्यापकसुद्धा. मित्रामित्रांनी एकत्र लढायचं, ही त्यामागची कल्पना. ऐकायला फार छान वाटते. मला ती भयानक वाटते. एका मैदानावरची पोरं एका खंदकात घातली की एका सकाळी अख्खा क्लब रिकामा होतो. पत्रक काढणाऱ्याला हे कळत नसेल असं नाही, पण त्या महिन्यात कुणालाच काही कळत नव्हतं. जॅस्परही याच बटालियनमध्ये गेला, पुढे सेकंड लेफ्टनंट झाला.

आणि आता जरा सावरून बस. या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर काय होतं माहितेय? वाघ आणि हत्ती. डब्लिनच्या पोरांच्या टोपीवर वाघ आणि हत्ती कुठून आले? तर रेजिमेंटचं मूळच आपल्याकडचं. ईस्ट इंडिया कंपनीच्या दोन गोऱ्या पलटणी, एक मद्रासची, एक मुंबईची. १८८१ साली त्या दोन्ही जोडून त्यांना डब्लिनचं नाव दिलं. आणि लढायांच्या सन्मानांची जी यादी रेजिमेंट मिरवायची, त्यात प्लासी, श्रीरंगपट्टण यांच्या जोडीला ‘किर्की’ आहे. म्हणजे आपली खडकी! ५ नोव्हेंबर १८१७. बाजीरावाची फौज गणेशखिंडीकडून उतरली आणि समोर जी गोरी पलटण उभी होती, ती नुकतीच मुंबईहून घाट चढून आलेली. तुझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर पेशवाई बुडाली, त्याचा मान जॅस्परच्या रेजिमेंटच्या खात्यावर. हे वाचलं तेव्हा मी उठून दोन चकरा मारल्या.

मुंबईची ती जी पलटण, तीच पुढे डब्लिन फ्युजिलिअर्सची दुसरी बटालियन. तिच्यात आणखी एक रग्बीवाला होता, बॅझिल मॅकलिअर. ११ कॅप, १९०५ ते १९०७. पांढरे हातमोजे घालून खेळायचा, आणि बेलफास्टला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याने जवळजवळ अख्खं मैदान पळत जाऊन काढलेली ट्राय लोक अजून सांगतात. २४ मे १९१५ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ तो मारला गेला. त्याचं नाव तिथल्या मेनिन गेट या स्मारकावर कोरलंय. म्हणजे गोष्ट आहे, हातमोजे आहेत, ट्राय आहे, मरणही रणांगणावरचं आहे. अशा माणसाची आठवण ठेवणं सोपं. जॅस्परच्या वाट्याला यातलं काहीच नाही.

३० एप्रिल १९१५ला सातवी बटालियन डब्लिनमधून निघाली. नदीकाठाने मिरवत बंदरापर्यंत गेली, रस्त्याला दुतर्फा गर्दी. ७ ऑगस्टला तुर्कस्तानात, गॅलिपोलीच्या सुव्हला उपसागरावर ते उतरले. खारट तळ्याच्या कडेने, वरून तोफगोळे पडत असताना, दिवसभर चालून संध्याकाळी त्यांनी चॉकलेट हिल नावाची टेकडी घेतली. दुसऱ्या दिवशी, ८ ऑगस्टला, जॅस्पर वीस वर्षांचा झाला. प्यायला पाणी नव्हतं. ऊन, माश्या, हगवण. आठवडाभराने किरेच टेपेच्या उंच कड्यावर त्यांना चढवलं. कड्याच्या पलीकडच्या अंगाला तुर्क, आणि तुर्कांकडे हातबॉम्ब. यांच्याकडे नाहीत. मग यांनी काय केलं असेल? येणारा बॉम्ब फुटायच्या आत उचलून परत फेकायचा. विल्किन नावाच्या शिपायाने असे पाच झेलून फेकले. सहावा हातात फुटला. रग्बीच्या मैदानावर शिकलेली गोष्ट, धावत येणारा बॉल पकडायचा आणि क्षणात टाकून द्यायचा, ती इथे अशी कामाला आली. मला हे लिहिताना कसंतरी होतं, पण तिथे असलेल्यांनीच हे सांगून ठेवलंय. सप्टेंबरअखेर त्यांना तिथून हलवलं तेव्हा ‘डी’ कंपनीतले उभे असलेले निम्म्याहून कितीतरी कमी होते.

बेलफास्टच्या त्या सामन्यात जॅस्परबरोबर खेळलेला कॉर्कचा व्हिन्सेंट मॅकनामारा, शिकलेला इंजिनिअर, तोही गॅलिपोलीला होता. सुरुंग खणणाऱ्या तुकडीत. त्याच्या तीन कॅप, तिन्ही १९१४च्या. नोव्हेंबरअखेर तोही गेला.

गॅलिपोलीतून काढून जॅस्परच्या डिव्हिजनला ग्रीसमधल्या सॅलोनिका बंदरात नेलं आणि तिथून सर्बियाच्या सीमेवरच्या डोंगरात. उन्हाळी कपड्यांतली माणसं नोव्हेंबरच्या हिमवादळात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, धुक्यात, बल्गेरियन सैन्य चालून आलं आणि माघार घ्यावी लागली. तिथल्या काळात कधीतरी जॅस्परचं मन मोडलं. ‘शेल शॉक’ हा शब्द तेव्हा नवाकोरा होता, १९१५ साली डॉक्टरांच्या मासिकात पहिल्यांदा छापून आला. तोफा ऐकून मेंदूला धक्का बसतो असं आधी वाटायचं. मग ज्यांच्या आसपास गोळा फुटलाच नव्हता अशीही माणसं थरथरत, वाचा गेलेली, झोप उडालेली येऊ लागली आणि सगळेच गोंधळले. कुणी भित्रेपणा म्हणे, कुणी दुबळ्या नसा. उपाय म्हणाल तर विश्रांती, दूध आणि ‘आता बरं वाटतंय ना?’ जॅस्पर इंग्लंडात इस्पितळात राहिला आणि मग सैन्यातून मोकळा होऊन घरी आला.

घरी म्हणजे कुठल्या घरी, हेही बघ. तो गेला तेव्हाचं डब्लिन उरलं नव्हतं. एप्रिल १९१६मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, शहराचा मध्यभाग जळला, उठावाच्या पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या आणि लोकांचं मन फिरलं. ज्या ब्राउनिंगने पत्रक काढलं होतं, तो त्याच उठावात माउंट स्ट्रीटजवळ बंडखोरांच्या गोळीने मेला. म्हातारे स्वयंसेवक कवायतीहून परतत होते, बंदुका होत्या, काडतुसं नव्हती. ज्या रस्त्यावर वर्षभरापूर्वी लोक ‘डी’ कंपनीवर खूश होते, तिथेच आता खाकी कोटाकडे लोक वेगळ्या नजरेने बघत. इंग्रजी सैन्यातून परतलेल्यांनी पुढे कित्येक दशकं आपली पदकं कपाटात ठेवली. हे मला इथल्या लोकांशी बोलताना हळूहळू कळत गेलं. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या साताऱ्याकडच्या सैनिकांचं थोडंफार असंच झालं असेल का? कधीतरी बोलू.

४ फेब्रुवारी १९१७ला डॉकीजवळ, रेल्वेमार्गावर, जॅस्परने स्वतःला संपवलं. वय एकवीस. डीन्सग्रेंजच्या दफनभूमीत त्याला पुरलं.

डॉकी आमच्या लोकलच्या मार्गावर आहे. समुद्र समोर उघडतो तो सगळ्यात देखणा पट्टा. पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम तिकडे नेतो, खिडकीपाशी बसवतो. आता नेतो तेव्हा सांगतोही. बायको म्हणते, पाहुण्यांना जरा श्वास तरी घेऊ दे.

सांगायचं कारण असं, की युद्धात गेलेल्या खेळाडूंच्या याद्या दिवसांवर चालतात. अमका या लढाईत, तमका त्या लढाईत. मॅकलिअरची तारीख ईप्रच्या लढाईची, मॅकनामाराची गॅलिपोलीची. जॅस्परची तारीख कुठल्याच लढाईची नाही. सामना एकच, आणि मरण खात्यात न बसणारं. दोन्हीकडे तो कडेला. कडेलाच खेळायचा, असंही एखादा हुशार माणूस म्हणेल. मला असली वाक्यं आवडत नाहीत. १९२० साली सामने परत सुरू झाले तेव्हा तो चोवीस वर्षांचा असता, विंगसाठी अगदी भरातलं वय. बस्स, एवढंच.

स्मरणिकेबद्दल माझं मत विचारशील तर चाळणी काढून टाक. आडनावांच्या क्रमाने सगळ्यांची नावं घ्या, पुढे सामन्यांचा आकडा आणि साल. एक असेल तर एक. अण्णांना म्हणावं, पान वाढलं तर त्याचे पैसे डब्लिनहून येतील. पण माझ्या नावाची जाहिरात छापू नका, ‘आयटी क्षेत्रात उत्तुंग भरारी’ वगैरे. मागच्या गणपतीच्या पत्रिकेत छापलीत ती अजून इथल्या मित्रांना दाखवतोयस म्हणे तू.

एक काम मात्र कर. तुमच्या भाऊंना इतिहासाचं वेड आहे ना, त्यांना विचार की खडकीच्या लढाईतल्या त्या मुंबईच्या गोऱ्या पलटणीबद्दल मराठीत कुणी नीट लिहिलंय का, बखरीतलं असो की अलीकडचं. तिच्यातले शिपाई कोण होते, त्यात आयरिश किती, हे मला हवंय. कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश गरीब पोरांचा भरणा असायचा एवढं ठाऊक आहे. संदर्भ मिळाला तर पानाचा फोटो काढून पाठव, आणि फोटो काढताना तुझा अंगठा मधे येऊ देऊ नकोस.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पिंट्याला त्याच्या गुणांबद्दल मी काही विचारणार नाही असं सांग. गुडघ्याला तेल लावतोस का?

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझाच,
पम्या